सवलतीतली ट्रायथलॉन सायकल अंगाला बसेल का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: माझी उंची १९३ सेंटीमीटर आहे. दोन वर्षं साध्या रोड सायकलवर ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत) करतोय, अर्ध्या अंतराची एक शर्यत पूर्ण केली आहे. चौदा महिन्यांनी पूर्ण अंतराची करायची आहे. एका दुकानात सर्वांत मोठ्या मापाची कार्बन ट्रायथलॉन सायकल शिल्लक आहे. रोख दिले तर २५ टक्के सवलत, नाहीतर पूर्ण किमतीवर २४ बिनव्याजी हप्ते. सवलतीनंतरची किंमत माझ्या सात महिन्यांच्या बचतीएवढी होते. रोख द्यायचे तर मुदत ठेव मोडावी लागेल, आणि ती आमच्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढीच आहे. घरात दोन लहान मुलं आहेत. महिनाअखेरीपर्यंत दुकानदाराला कळवायचं आहे. काय करू?

नमस्कार. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. या महिन्यात ही सायकल घेऊ नका, रोखही नको आणि हप्त्यानेही नको. शर्यतीआधी ट्रायथलॉन सायकल मात्र जरूर घ्या, आणि त्यासाठीचा पहिला खर्च याच महिन्यात करा. तो खर्च कोणता, ते पुढे येईलच.

हप्त्यांचा विषय लवकर संपवतो. सायकलची किंमत १०० धरा. रोखीने ती ७५ ला मिळते, हप्त्याने दरमहा ४.१७ भरत दोन वर्षांत १०० जातात. म्हणजे त्या वस्तूची आजची खरी किंमत ७५ आहे आणि वरचे २५ हे व्याज आहे, दुकानदार त्याला काहीही नाव देवो. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरून दर काढला तर तो वर्षाला सुमारे २९ टक्के भरतो. एवढ्या दराचं कर्ज छंदासाठी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुदत ठेवीबद्दल तर मी वादच घालणार नाही. दोन मुलांच्या घरात चार महिन्यांची गंगाजळी मुळातच तोकडी आहे, ती सहा महिन्यांपर्यंत न्यायची आहे. तिला हात लावायचा नाही.

आता सायकलीकडे येतो, कारण माझ्या मते खरा तोटा तिथे लपलेला आहे.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ तुमच्याच उंचीचे. त्यांनीही अशीच, दुकानात राहिलेली सर्वांत मोठी सायकल सवलतीत घेतली. महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरातच जागेवर चालवायच्या स्टँडवर, सराव करत होते. पहिली दहा मिनिटं सुरेख गेली. मग कोपरं हँडलवरच्या टेकायच्या पॅडवरून मागे घसरायला लागली, खांदे कानांपर्यंत आले, आणि ते दर दोन मिनिटांनी सीटच्या टोकावरून मागे सरकून पुन्हा पुढे येत होते. अर्ध्या तासाने त्यांनी पुढचा बार सोडला आणि बाहेरचं हँडल धरलं. ज्यासाठी पैसे मोजले ती बसण्याची पद्धतच त्यांना अर्धा तास टिकवता येत नव्हती. पुढे स्टेम (हँडल फ्रेमच्या नळीला जोडणारा तुकडा) बदलला, पॅड उचलायचे तुकडे आणले, सीट बदलली, दोनदा मापं घेतली. अकरा महिन्यांनी सायकल विकली. त्यांच्या वहीत मी आकडे मांडले: खरेदी १००, बदलांवर १८, विक्रीतून आले ५२. म्हणजे ६६ गेले, आणि हाताशी सायकल नाहीच.

असं का होतं, हे मला त्यांच्यामुळेच शिकावं लागलं. ट्रायथलॉन सायकलवर माणूस कोपरांवर भार टाकून पुढे झुकलेला असतो. सपाट रस्त्यावर वेगात जाताना सर्वांत जास्त ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला सर्वांत मोठा अडथळा सायकलीचा नसतो, आपल्या शरीराचा असतो. १९८९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत ग्रेग लेमॉन्ड शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या त्या टप्प्यात त्याच्या हँडलवर एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून धरायचे पुढचे बार होते, आघाडीवरच्या लोरां फिन्योंच्या हँडलवर नव्हते. लेमॉन्डने अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. हे सगळं श्रेय एकट्या एरोबारला देता येणार नाही, पण बसण्याच्या पद्धतीचं मोल त्यातून कळतं. आणि तुम्हाला त्या बसण्यात १८० किलोमीटर काढायचे आहेत, उतरल्यावर ४२.२ किलोमीटर धावायचं आहे.

उंच माणसाची अडचण अशी की ‘सर्वांत मोठं माप’ या शब्दांना काही ठरलेला अर्थ नाही. एका कंपनीचं ५८ माप दुसरीच्या ५६ सारखं निघतं. विचारायचे ते दोन आकडे: स्टॅक आणि रीच. पेडलं ज्या आसाभोवती फिरतात तिथून फ्रेमचं पुढचं टोक किती वर आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. ट्रायथलॉनच्या फ्रेमचा पुढचा भाग रोड सायकलीपेक्षा सहसा बुटका ठेवलेला असतो. पाय लांब असले की सीट खूप वर जाते, आणि कोपरं मात्र बुटक्या टोकावर टेकवावी लागतात. मग पॅडखाली तुकड्यावर तुकडा चढवत मनोरा करावा लागतो. थोडा मनोरा चालतो. पण प्रत्येक कंपनी त्याची कमाल उंची ठरवून देते आणि त्यापुढे जाणं धोक्याचं असतं. हल्लीच्या बऱ्याच सायकलींचे स्टेम आणि हँडल त्याच कंपनीचे, त्याच फ्रेमला बसणारे असतात. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा स्वस्त भाग आणून काम भागत नाही.

दुकानात उभ्या असलेल्या सायकलीच्या बाबतीत दोन गोष्टी तर डोळ्यांनीच तपासता येतात. स्टेम ज्या नळीवर बसतो ती नळी आधीच कापलेली आहे का? कापलेली नळी परत वाढत नाही, आणि उंच माणसाला नेमका तोच हरवलेला तुकडा लागतो. दुसरं म्हणजे सीटपोस्टवरची, म्हणजे सीटखालच्या दांड्यावरची खूण. सीटपोस्ट किमान किती आत राहिला पाहिजे हे ती सांगते. तुमच्या उंचीला सीट लावल्यावर ती खूण फ्रेमच्या बाहेर आली, तर विषय तिथेच संपला. चपट्या, खास आकाराच्या सीटपोस्टला लांब पर्याय बहुधा मिळतही नाही.

या सगळ्यावरचा उपाय सायकलीच्या मानाने स्वस्त आहे. आधी माप घ्या, मग सायकल शोधा. बहुतेक जण उलट करतात. सगळीकडून सरकवता येईल अशा फिटिंगच्या सायकलीवर जाणकार फिटर तुम्हाला बसवतो आणि शेवटी कागदावर सीटची उंची, सीट आसाच्या किती पुढे किंवा मागे, पॅड किती वर, पॅड किती पुढे हे आकडे देतो. समजा पॅडची उंची ७१० मिलिमीटर निघाली आणि दुकानातल्या फ्रेमचा स्टॅक ५८५ आहे. मधले १२५ मिलिमीटर स्टेम, हँडल आणि पॅडच्या तुकड्यांनी भरून निघतात का, हे कंपनीच्या तक्त्यावरून घरबसल्या कळतं. कमाल मर्यादेला टेकूनच बसत असेल तर मी नको म्हणेन, कारण पुढे पाठीने जरा वर व्हायची मागणी केली तर द्यायला जागाच उरत नाही.

क्रँकबद्दलही, म्हणजे पेडल ज्या दांड्याला असतं त्याच्या लांबीबद्दलही फिटरला विचारा. मोठ्या मापाच्या सायकलींवर बहुधा १७५ मिलिमीटरचे क्रँक येतात. पुढे झुकल्यावर गुडघा छातीकडे येतो, तेव्हा १६५ किंवा १७० चे क्रँक कमरेला मोकळीक देतात आणि नंतरच्या धावण्यालाही त्याचा फायदा होतो. मात्र क्रँक १० मिलिमीटरने आखूड झाले की सीट तेवढीच वर घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा ती सीटपोस्टवरची खूण बघणं आलं. क्रँक बदलून द्या अशी अट खरेदीच्या वेळीच घाला. नंतर तो खर्च तुमचा.

तोवर सराव कशावर? तुमच्याच रोड सायकलवर. मोठ्या रोड फ्रेमचं पुढचं टोक उंच असतं, त्यामुळे वरून बसवायचे एरोबार लावले की पॅड उंच माणसाच्या गरजेच्या बरेच जवळ येतात. रोड सायकलीवर सीट मागे असल्याने हात फार ताणले जातात. म्हणून सीट पुढे घ्या, लागला तर आखूड स्टेम लावा, आणि हे त्याच फिटरकडून करून घ्या. हा खर्च वाया जाणार नाही. महिनोन्महिने कोपरांवर बसून तुमचं शरीर काय मागतंय ते तुम्हालाच कळेल.

तर पैशांची मांडणी अशी. पहिल्या महिन्याची बचत फिटिंग आणि एरोबारला. त्यानंतर नऊ महिने बचतीतले तीन चतुर्थांश सायकलीसाठी वेगळे ठेवा. ते जवळजवळ सात महिन्यांच्या बचतीएवढे होतात, म्हणजे आज दुकानदार मागतोय तेवढेच. उरलेला चौथा हिस्सा गंगाजळीत. शर्यतीला चार महिने उरले असताना रोखीने खरेदी होईल आणि नव्या सायकलीवर लांब पल्ल्याचा सराव करायलाही वेळ मिळेल. यात काटछाट करायची वेळ आली तर चाकांवर करा, फ्रेमच्या मापावर करू नका. वापरलेली सायकलही चालेल, पण मोठी मापं बाजारात कमी येतात, म्हणून आकडे हातात ठेवून आतापासूनच नजर ठेवा. कार्बन फ्रेम असेल तर पैसे देण्याआधी जाणकाराला दाखवा. पडझडीची चीर रंगाखाली दडलेली असू शकते. तुमच्या मापाची तयार फ्रेम मिळालीच नाही तर मापावर बनवलेल्या टायटेनियम किंवा स्टीलच्या फ्रेमचा विचार करू, पण ती पुढे सहज विकली जाणारी वस्तू नाही, हे धरून.

महिनाअखेरीची मुदत मनातून काढा. दुकानदाराकडून आज एवढंच लिहून घ्या: फ्रेमचा स्टॅक आणि रीच, नळी कापली आहे की नाही, पॅडची किमान आणि कमाल उंची. फिटिंग झालं की तुमचा कागद आणि हे आकडे मला पाठवा. सायकल तोवर तिथेच असेल आणि मापात बसत असेल, तर उधारीशिवाय ती कशी घेता येईल ते आपण पुन्हा मांडून बघू.