मेसेज पाठवून सिगारेट सुटते का?

धाकट्या भावाने सिगारेट सोडायचं मनावर घेतलंय, रोज मोबाइलवर मेसेज पाठवणाऱ्या सेवेत त्याचं नाव नोंदवू का, आणि त्याने खरंच फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो. नाव मात्र त्याचं त्यालाच नोंदवू द्या. दुसऱ्याने लावून दिलेले मेसेज माणूस चार दिवसांत बंद करून टाकतो.

मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते, असे मेसेज लिहिण्याचं कामही केलंय. ब्रिटनमध्ये सुमारे ५,८०० जणांवर याची मोठी चाचणी झाली आणि २०११ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्या लोकांना सिगारेट सोडायला मदत करणारे मेसेज गेले, उरलेल्यांना सिगारेटचा विषयही नसलेले. सहा महिन्यांनी नुसतं विचारलं नाही, लाळ तपासून खात्री केली. मदतीचे मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, बाकीच्यांत ४.९ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. तरीही दहातल्या जवळपास नऊ जणांची सुटली नव्हती. म्हणून मी एकट्या मेसेजवर कुणालाच सोडत नाही. डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंग गम किंवा पट्टी, सोबत समुपदेशन, आणि त्याला मेसेजची जोड, असं केलेलं बरं.

मेसेजचा खरा उपयोग वेळ साधण्यात आहे. तलफ येते तेव्हा जीव नकोसा होतो, पण ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी सोबत हवं, आणि खिशात मोबाइल असतोच. त्या चाचणीत पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज जायचे, नंतर आठवड्याला तीन. शिवाय तलफ आली की ठरलेला एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. माझ्या मते सगळ्यात मोलाची सोय हीच.

तुम्हीही त्याला मेसेज कराच, पण 'सिगारेटने कॅन्सर होतो' असे नकोत. ते त्याला पाठ आहे. 'जेवण झालं ना? लगेच ऊठ, दात घासून घे,' असा लिहा. हातून एखादी ओढली गेलीच, तर रागावू नका. 'एक ओढलीस, ठीक आहे. पाकीट आत्ता फेकून दे. तेव्हा सोबत कोण होतं, ते सांग,' एवढंच विचारा. पुढच्या वेळी कुठे सांभाळायचं ते त्यातूनच कळतं. एका सिगारेटीनंतर 'आता काय उरलं' म्हणून अख्खं पाकीट संपवणारी माणसं मी फार पाहिली आहेत, आणि तिथे घरच्यांचा शब्द खूप काम करतो.

सोडायचा दिवस ठरला की दिवसातली कुठली सिगारेट सोडणं सगळ्यात जड जाईल, ते त्याला आधीच विचारून ठेवा. तुमचा रोजचा मेसेज त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी जाऊ द्या.