क्लिक एकच, कामे दोन

प्रश्न : शहापूरच्या साड्या विकणाऱ्या एका दुकानासाठी मी संकेतस्थळ तयार करीत आहे. साडीच्या चौकटीवर कुठेही क्लिक केले की तपशिलाचे पान उघडते. त्याच चौकटीत ‘पिशवीत टाका’ हे बटण असून त्यावर मराठी व कन्नड मजकूर दोन वेगळ्या ‘स्पॅन’मध्ये (मजकुराचा तुकडा धरणाऱ्या घटकात) आहे. बटण दाबले की साडी पिशवीत जाते, पण पाठोपाठ तपशिलाचे पानही उघडते. क्लिकचा पुढचा प्रवास थांबवणारी ‘स्टॉपप्रोपगेशन’ ही आज्ञा वापरावी काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वापरल्यास लक्षण जाईल, परंतु आमचा सल्ला तो नाही. क्लिकची घटना बटणावर संपत नाही. ती ज्या घटकावर घडली तेथून त्याच्या बाहेरच्या घटकाकडे, असे करत थेट ‘डॉक्युमेंट’पर्यंत, म्हणजे संपूर्ण पानापर्यंत, चढत जाते आणि वाटेत लावलेला प्रत्येक लिसनर (घटना घडताच चालणारा कोडचा तुकडा) चालवते. यालाच बबलिंग म्हणतात. (बाहेरून आत उतरणारा कॅप्चरिंगचा टप्पा त्याआधी होऊन गेलेला असतो, नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या जुन्या ब्राउझरांच्या परस्परविरोधी पद्धतींना डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या 2000 सालच्या मानकाने एकत्र बसवले, त्याचा हा वारसा.)

बटणाच्या लिसनरमध्ये ‘स्टॉपप्रोपगेशन’ लिहिले, तर वर चढणारी घटना तेथेच अडते आणि चौकटीला ती कळत नाही. पण ती वरच्या इतर कोणत्याही घटकालाही कळत नाही. समजा, आपण भाषा निवडण्याची यादी ठेवली आहे आणि बाहेर कुठेही क्लिक झाल्यास ती मिटावी म्हणून ‘डॉक्युमेंट’वर लिसनर लावला आहे, आता ‘पिशवीत टाका’ दाबल्यावर ती यादी उघडीच राहील, आणि दोष मात्र यादीच्या कोडमध्ये शोधला जाईल.

त्याऐवजी निर्णय चौकटीनेच घ्यावा. तिच्या लिसनरच्या आरंभी ‘इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट("बटन")’ तपासावे आणि काही सापडल्यास तेथूनच परतावे. येथे ‘टार्गेट’, म्हणजे क्लिक ज्यावर पडला तो सर्वात आतला घटक, थेट बटणाशी ताडून पाहू नये, कारण बोट कन्नड अक्षरांवर पडले असेल तर ‘टार्गेट’ तो ‘स्पॅन’ असतो, बटण नव्हे. ‘क्लोजेस्ट’ स्वतःपासून वर शोधत जाते, म्हणून ते चुकत नाही. लिसनर ज्या घटकावर लावला आहे तो हवा असल्यास ‘करंटटार्गेट’ वापरावे. ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने येथे काहीच साधणार नाही, ते ब्राउझरची मूळ कृती (उदा. दुवा उघडणे) थांबवते, घटनेचा वर चढण्याचा प्रवास नव्हे.

खरे तर चौकटीला क्लिकचा लिसनर लावण्याचीच गरज नसावी. तशी साधी ‘डिव्ह’ (चौकट बनवणारा सर्वसाधारण घटक) टॅब कळीने गाठता येत नाही, आणि संपूर्ण चौकट दुव्यात गुंडाळावी तर दुव्यात बटण ठेवण्यास एचटीएमएलच्या नियमांची परवानगी नाही. साडीच्या नावालाच दुवा करावे, ‘आफ्टर’ या स्यूडो-एलिमेंटने (सीएसएस या मांडणीच्या भाषेतून जोडलेल्या आभासी घटकाने) त्याचे क्षेत्र चौकटभर पसरावे आणि ‘पोझिशन’ व ‘झेड-इंडेक्स’ हे सीएसएसचे गुणधर्म देऊन बटण त्याच्या वर आणावे. मग दुवा व बटण एकमेकांच्या पोटात नसल्यामुळे एकाचा क्लिक दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.