ई-पासपोर्टची चिप खिशातूनच कुणी वाचू शकतं का?
खिशातून? जवळपास अशक्य. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये बनणाऱ्या या पासपोर्टमधली चिप १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर, जेमतेम काही सेंटिमीटरवरून बोलते. त्यातही आधी किल्ली मागते: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख. हे सगळं फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळींत छापलेलंच असतं, म्हणून लॉजवाल्याला बिनधास्त दिलेली झेरॉक्स मला जास्त खटकते. चिपमधला मजकूर बदलला तर सरकारी डिजिटल सही जुळत नाही. चिप किती वीज ओढते त्या चढउतारावरून तिच्या आतली गुप्त किल्ली शोधायची युक्ती संकेतलेखनतज्ज्ञ पॉल कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये मांडली खरी. पण त्याला चिप हातात लागते, वर मोजमापाची यंत्रं. सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत कुठलं जमतंय! लहरी अडवणारं ॲल्युमिनियमचं पाकीट हवं तर घ्या, मी घेतलेलं नाही.