शब्दाला जागणारा नेता ओळखायचा कसा?

प्रश्न : लालबहादूर शास्त्री, चिंतामणराव देशमुख यांच्यासारखी माणसं आता राजकारणात दिसत नाहीत. साधी राहणी, दिलेला शब्द, सरकारी पैशाला हात न लावणं ही आपली मूल्यं जपणारा उमेदवार मत देण्याआधी ओळखता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची हळहळ खरी आहे. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पटला नाही म्हणून १९५६ साली चिंतामणरावांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. चूक त्यांच्या हातून घडली नव्हती, तरी जबाबदारी त्यांनी आपली मानली. पण अशी परीक्षा पदावर बसल्यावर होते. त्याआधी आपल्या हाती असतं ते उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

शपथपत्राच्या शेवटी भाग ‘ब’मध्ये गोषवारा असतो आणि बहुतेक जण तेवढाच आकडा बघून कागद मिटतात. तिथेच फसगत होते. वडिलोपार्जित शेताजवळून महामार्ग गेला की एकूण आकडा फुगतो, त्यात गैर काही नाही. म्हणून भाग ‘अ’ वाचा. त्यात गेल्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न असतं. पुढे जमिनीच्या रकान्यात गट नंबर, वारसाची की खरेदीची, खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत असते. पाच वर्षांचं उत्पन्न मिळून ४० लाख, त्याच काळातली खरेदी दीड कोटीची आणि कर्जाच्या रकान्यात शून्य, तर पैसा आला कुठून हे सभेत उभं राहून विचारा. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवलंत तर फरक लगेच दिसतो. एक उणीव मात्र लक्षात ठेवा : पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेल्यांचीच मालमत्ता इथे येते. स्वतंत्र कमावता मुलगा किंवा भाऊ यात नसतो.

गुन्ह्यांचा रकाना कलमांसकट वाचा. आंदोलनातला बेकायदा जमाव (पूर्वीच्या दंड संहितेचं कलम १४३, आता भारतीय न्याय संहितेचं १८९) आणि ठेवीदारांचा विश्वासघात (४०६, आता ३१६) एका तराजूत तोलू नका. रस्त्यावर उतरल्याचे गुन्हे स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांवरही होते. आरोप निश्चित झालेत का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराने ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीनदा जाहीर करायचे असतात. पक्षालाही त्याचीच निवड का केली ते सांगावं लागतं, आणि ‘निवडून येऊ शकतो’ एवढं कारण चालत नाही.

सरकारी घराचं भाडं, वीज, पाणी यांच्या थकबाकीचा रकाना लहान आहे, पण आमच्या मते माणूस तिथे सर्वांत स्पष्ट कळतो.

प्रश्न : आणि निवडून आल्यावर? आमदार निधीतून आमच्या वाडीचा रस्ता झाला म्हणतात.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ते खरं का हे तपासायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. रस्ता, समाजमंदिर आणि बोअरवेल एकाच कागदावर मागितलं की अर्ज अडतो. जिल्हा नियोजन कार्यालयाकडे कामाचं नाव, मंजूर रक्कम आणि प्रशासकीय मान्यतेची तारीख मागा. काम करणाऱ्या यंत्रणेकडे वेगळा अर्ज करून मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची, प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. प्रत हाती आली की टेप घेऊन रस्त्यावर जा आणि लांबी, रुंदी, थराची जाडी पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहा. जाडी मोजायला रस्त्याची कड तुटलेली जागा बरी पडते.