वेबसाइट शिकायची, तर सॉफ्टवेअर कोणतं?

प्रश्न : माझं बी.कॉम. झालं आहे. आईच्या मसाल्यांच्या व्यवसायाची मराठी वेबसाइट स्वतः बनवायची आणि पुढे याच कामात उतरायचं, असं ठरवते आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. क्लासमध्ये सांगतात की ड्रीमवीव्हर आणि फोटोशॉप घेतल्याशिवाय सुरुवातच होत नाही. दोन्हींची वर्गणी मला झेपणारी नाही. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ती वर्गणी भरू नका. ड्रीमवीव्हर १९९७ साली आलं. माउसने पान मांडायचं आणि कोड त्याने लिहायचा, ही त्याची मोठी सोय. पण तुम्हाला तो कोडच शिकायचा आहे. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रंगरूप) या साध्या मजकुराच्या फाइली असतात, त्या लिहायला नोटपॅड प्लस प्लस पुरतं. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं. व्हीएस कोडही फुकट आहे आणि जास्त सोयींचं. फक्त त्यात दिसेल ते एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोयीची जोडणी, टाकत सुटू नका, ४ जीबीत मशीन रडतं.

खरं शिकणं होतं ते ब्राउझरमध्ये. फायरफॉक्समध्ये आवडलेलं कुठलंही पान उघडा, राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. कुठल्या ओळीमुळे रंग आला, कशामुळे जागा सुटली, सगळं समोर दिसतं. आकडे बदलून बघा. पान रिफ्रेश केलं की सारं पूर्ववत. कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलंत तर तेच पान मोबाइलवर कसं दिसेल तेही कळतं. आईची गिऱ्हाइकं बहुतेक मोबाइलवरच बघणार, म्हणून ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता मराठीचं, कारण क्लासमध्ये हे सहसा सांगत नाहीत. जाहिरातीचा मजकूर छापखान्यात कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर तो उचलून वेबपानात टाकू नका. आत इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट नसला की वाचणाऱ्याला भलतंच दिसतं आणि ‘कांदा लसूण मसाला’ शोधणाऱ्याला तुमचं पान सापडत नाही. युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडे मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, टाइप करा. विंडोजमध्ये त्यासाठीचा इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड असतोच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, वाचायला स्वच्छ आहे. सीएसएसमध्ये लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ किंवा १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेघ तुटते. ती तुटलेली बघून मला खरोखर वाईट वाटतं, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या मराठी पानांवरही ती दिसते.

फोटो छाटायला, लहान करायला गिंप, लोगोसाठी इंकस्केप. दोन्ही मोफत. फिग्मा आत्ता नको. ते पान लिहिण्याआधी आराखडा काढायला उत्तम आहे, पण तुमच्या लॅपटॉपला जड जाईल. दुसऱ्यांची कामं येऊ लागली की शिका.

माहिती देणारं तयार पान गिटहब पेजेस या सेवेवर, म्हणजे इंटरनेटवर, फुकट ठेवता येतं. पैसे खर्च करायचेच असतील, तर आईच्या मसाल्यांच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या. त्याचे पैसे ठरावीक मुदतीने पुन्हा भरावे लागतात. आणि ते तुमच्या किंवा आईच्याच नावावर, घरच्याच ईमेलवर नोंदवा. मदत करणाऱ्या कुणाच्याही नावावर नाही.