स्वीडनने अमेरिकेत नेलेली शाळा

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा वाचला. छोट्या देशांनी जागतिक प्रदर्शनांत आपलं शिक्षण कसं मांडलं, हा विषय झकास आहे. पण पाच देश आणि चाळीस वर्षं एकदम अंगावर घेऊ नकोस, निस्तरता येणार नाही. माझं ऐकशील तर १८७६चं अमेरिकेतलं फिलाडेल्फियाचं जागतिक प्रदर्शन घे आणि स्वीडन घे.

तेव्हा त्या देशाची लोकसंख्या ४५ लाखांच्याही आतच होती. त्यांनी नुसते तक्ते आणि अहवाल पाठवले नाहीत, अख्खी शाळाच नेली! लाकडी इमारतीचे भाग मायदेशी तयार केले, जहाजाने आणले आणि स्वीडिश कारागिरांनी तिथे उभे केले. आत बाकं, नकाशे, पुस्तकं. बघणारा थेट वर्गात शिरत होता. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनातही त्यांनी शाळेची इमारत उभारली होती, म्हणजे हे काही ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. इथे जरा रेंगाळ. खिडक्या कुठे, बाकं कशी, हे छायाचित्रांत बारकाईने बघ.

मग स्वीडनमध्ये जा. १८४२च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या विभागात, निदान एक शाळा हवी असं ठरलं, तीही शक्यतो कायमची. सगळी गोम त्या 'शक्यतो'त आहे. विरळ वस्तीच्या भागात फिरत्या शाळा पुढे कितीतरी वर्षं चालल्या. मास्तर काही आठवडे इथे, काही तिथे. फिलाडेल्फियातल्या देखण्या इमारतीत ते दिसत नव्हते. म्हणून लगेच 'ढोंग' असा शिक्का मारू नकोस. स्थळाकडे पाठवायचा फोटो कुणी झोपेतून उठल्या उठल्या काढत नाही! मला तरी त्या इमारतीत देशाला काय व्हायचं होतं तेच जास्त दिसतं.

पदकं मोजायच्या फंदात तर पडूच नकोस. फिलाडेल्फियाला सोनं-चांदी अशी उतरंडच नव्हती. सगळ्यांना एकसारखं कांस्यपदक आणि सोबत परीक्षकांचा लेखी अभिप्राय. तुझ्या कामाचे ते अभिप्राय.

आणि एक. ती इमारत १८७७मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात हलवली. तिथे तिची अवजारांची खोलीही झाली, १९४७पासून कळसूत्री बाहुल्यांच्या फिरत्या नाट्यमंडळीचं ठाणं आणि १९७३मध्ये आतच बाहुल्यांचं कायमचं नाट्यगृह. मधे डागडुजी, फेरफार बरेच झालेत. तेव्हा आजच्या फोटोंवरून आतल्या रचनेबद्दल काही लिहू नकोस. पहिलं प्रकरण झालं की पाठव.

तुझा,
सर