ड्रम कोअरचा कोणता प्रयोग तुमच्या कायम आठवणीत राहिला?

फँटम रेजिमेंट, २००८, ‘स्पार्टाकस’. शनिवार, ९ ऑगस्ट, ब्लूमिंग्टन, इंडियाना.

तुम्ही विचारलंय की प्रत्यक्ष पाहिलेला सर्वांत आवडता प्रयोग कोणता आणि त्यातलं नेमकं काय लक्षात राहिलं. पहिल्या भागाचं उत्तर वर दिलं. दुसरा भाग एका ओळीत मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ड्रम कोअर म्हणजे पितळी फुंकवाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारा ‘कलर गार्ड’ यांचं दीडेकशे मुलामुलींचं पथक. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी अशी पथकं उभी केली. १९७२ पासून ड्रम कोअर इंटरनॅशनल त्यांची मोठी स्पर्धा घेते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एकच प्रयोग असतो. तोच उन्हाळाभर गावोगावी करत हिंडायचं आणि ऑगस्टमध्ये अंतिम फेरी गाठायची. रात्रीचा प्रवास बसमध्ये, राहिलेली झोप कुठल्या तरी शाळेच्या जिमच्या फरशीवर. या मुलांना मानधन मिळत नाही, उलट तीच फी भरतात. आणि वयाची अट पक्की असते: एकविसाव्या वर्षानंतर पथकात जागा नाही.

मी त्या वर्षी शिकायला ब्लूमिंग्टनला गेलो होतो. पोहोचून जेमतेम चार दिवस झाले होते. पुण्यात मी सहा वर्षं एका पथकात ताशा वाजवला होता. जुलै लागला की संध्याकाळी नदीपात्रात तालीम, ढोल ताणायचे, पानं तपासायची, घरी जायला दहा-साडेदहा. त्या वर्षी गणपती ३ सप्टेंबरला होते आणि मी ऐन तालमींच्या दिवसांत सगळं सोडून विमानात बसलो होतो. झोपेचं गणित बिघडलेलंच होतं. पहाटे तीनला टक्क जागा आणि दुपारी चारला डोळे मिटायला लागायचे. अशाच एका दुपारी खिडकीतून लांबून कडकडाट ऐकू आला. चप्पल घातली आणि आवाजाच्या दिशेने चालत सुटलो.

खरं तर स्पर्धा त्या गावात असायचीच नव्हती. ती इंडियानापोलिसच्या नव्या स्टेडियममध्ये व्हायची होती, पण ते वेळेत तयार झालं नाही, म्हणून आमच्या विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमवर आली. माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर. हा योग मला अजूनही नवलाचा वाटतो.

स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या जागेत पथकं सराव करत होती. लोक त्यांच्याभोवती अर्धगोल करून उभे होते. कुणी बोलत नव्हतं. मी अगदी पुढे, स्नेअर नावाचा छोटा ड्रम वाजवणाऱ्यांपासून चार हातांवर जाऊन उभा राहिलो. या ड्रमचं पान केव्हलारचं असतं, तेच ज्याची बुलेटप्रूफ जाकिटं करतात. ते इतकं करकचून ताणलेलं असतं की आवाज थेट ताशासारखा कोरडा आणि टोकदार येतो. माझे हात मांडीवर आपोआप चालायला लागले. पण डोळे काड्यांवरून हलेनात. सगळ्यांच्या काड्यांना पांढरी पट्टी गुंडाळलेली. हळू वाजवायचं तेव्हा सगळी टोकं पानापासून बरोबर तीन बोटं वर, जोरात वाजवायचं तेव्हा सगळी एकदम छातीपर्यंत. एकाची काडी अर्ध्या बोटाने वर गेली तर शिक्षक वाजवणं थांबवायचे आणि परत पहिल्यापासून. कशाला एवढं, असं मला आधी वाटलं. मग डोळे मिटून ऐकलं. नऊ-दहा ड्रम वाजत होते आणि ऐकू एक येत होता.

त्याहून जास्त मी अडकलो ते बेस ड्रमपाशी. पाच जण, पाच मापांचे ड्रम, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. आपल्याकडे साठ ढोल असले तरी साठही जण एकच ठेका वाजवतात, त्याची गंमत त्या एकत्र पडणाऱ्या दणक्यात असते. इथे एकच बोल पाच जणांत वाटलेला. एखादं वाक्य पाच जणांनी एकेक अक्षर घेऊन म्हणावं, आणि तेही घाईघाईत, तसं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन ठोके आणि मधल्या मोकळ्या जागा. ताशा वाजवणारा माणूस मोकळी जागा भरायला शिकतो. ही मुलं ती सोडायला शिकली होती, आणि जागा नेमकी सोडली तरच पुढच्याचा ठोका बसत होता. घरी परत येताना मी तोंडाने तो बोल म्हणून पाहिला. एकट्यालाही नीट जमला नाही.

तिथेच एका बाईंशी ओळख झाली. दोन्ही हातांत पाण्याचे मोठे गॅलनचे कॅन घेऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा फँटम रेजिमेंटमध्ये ट्यूबा, म्हणजे खर्जातलं मोठं पितळी वाद्य, वाजवायचा. वय एकवीस. म्हणजे शनिवारी रात्री प्रयोग संपला की त्याचं सगळं संपणार. मी ताशा वाजवतो हे ऐकल्यावर त्यांनी मला ताशा म्हणजे काय ते सविस्तर विचारलं, आणि मी त्यांच्याच पाण्याच्या कॅनवर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. त्यांच्या नवऱ्याला कामावरून सुटी मिळाली नव्हती, एक तिकीट शिल्लक होतं. शनिवारी मी त्यांच्या शेजारी बसलो.

आता फँटमबद्दल. हे पथक इलिनॉयमधल्या रॉकफर्डचं, १९५६ सालचं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ही त्यांची ओळख. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातली एक संथ मिरवणुकीची धून ते पिढ्यान्‌पिढ्या मैदानात उतरण्याआधी अर्धवर्तुळात उभे राहून वाजवतात. त्या शनिवारी संध्याकाळी बाईंनी मला दंडाला धरून तिथे नेलं. सुरुवात इतकी हळू होती की आधी वाटलं नुसता श्वास चालू आहे. मग सूर चढत गेला. अर्धवर्तुळात उभ्या कितीतरी मुलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ मात्र वाद्यावर घट्ट. शास्त्रीय काय, अशास्त्रीय काय, तिकडच्या संगीतातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. तरी माझ्या अंगावर काटा आला होता.

त्यांच्या नावावर तोवर एकच अजिंक्यपद होतं, १९९६चं, आणि तेही वाटून घेतलेलं. ज्यांच्याशी वाटून घेतलं ते कॅलिफोर्नियाच्या कॉन्कॉर्डचे ब्लू डेव्हिल्स. २००८ मध्ये समोर तेच होते. बारा वेळा जिंकलेले, आदल्या वर्षीचे विजेते.

प्रयोगाचं संगीत सोव्हिएत संगीतकार खाचातुरियनच्या ‘स्पार्टाकस’ या बॅलेवर बेतलेलं. ते संगीत फँटमने १९८१ आणि ८२ मध्येही वाजवलं होतं, त्यामुळे तेव्हाचे कितीतरी जुने सदस्य केस पिकलेल्या अवस्थेत प्रेक्षकांत बसले होते. गोष्ट तुम्हाला माहीत असेल: इसवी सनपूर्व ७३ मध्ये कापुआच्या आखाड्यातून पळालेल्या ग्लॅडिएटरांनी रोमविरुद्ध बंड केलं, दोन वर्षं रोमला झुंजवलं, शेवटी हरले. फँटमने ती गोष्ट मैदानावर मांडली होती. एरवी पुढे चौथऱ्यावर उभा राहून ताल देणारा ड्रम मेजर इथे रोमन सत्ताधीश होता. म्हणजे ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर दीडशे जण वाजवतात तोच त्या गुलामांचा मालक. ही कल्पना ज्याला कुणाला सुचली त्याला माझा नमस्कार.

अंधार पडला होता, स्टेडियमचे दिवे लागले होते. पहिल्या मोठ्या सुराला मला नुसता आवाज आला नाही, बाकाच्या पत्र्यातून तो मांड्यांना जाणवला. हे सगळं फुंकीने आणि हाताने वाजवलेलं, सिंथेसायझरला परवानगी मिळाली ती पुढच्या वर्षी. शंभर यार्डांवर पसरलेली मुलं उलट्या पावली धावत वाजवत होती आणि सूर थरथरत नव्हता. मधल्या संथ भागात बाईंनी माझं मनगट धरलं. मी मैदान बघत होतो, रेषा वळताना, चौकोन फुटून वर्तुळ होताना बघत होतो. त्यांनी अकरा मिनिटांत एकाच माणसाकडे पाहिलं असणार. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा, असं त्यांनी आधी मला दाखवलं होतं, पण पुढे तो मला सापडला नाही. त्यांच्या नजरेतून एकदाही सुटला नाही.

शेवटाकडे संगीत थांबलं आणि मैदानातून एक आवाज आला, ‘आय ॲम स्पार्टाकस!’ मग दुसऱ्या टोकाकडून दुसरा. मग एका मुलीचा. एकेक करत, वेगवेगळ्या जागांवरून, भसाडे, किनरे, फाटलेले आवाज. महिनोन्‌महिने ज्यांनी आपली काडी, आपलं पाऊल, आपला श्वास बाकीच्यांत असा मिसळला होता की एकही वेगळा दिसू नये, ती मुलं एकेक करून आपापल्या गळ्याने ओरडत होती. माझ्या आजूबाजूचे लोक उभे राहिले. मागे कुणीतरी म्हातारा तेच ओरडत होता. मीही ओरडलो. काय ओरडलो ते सांगता येणार नाही, बहुधा ‘मोरया’ असावं. तोंडात तेच बसलेलं होतं.

त्यानंतरचं सगळं वेगाने झालं. ढोलांची लाट, पितळेचा तो भिंतीसारखा आवाज, आणि शेवटी त्या सत्ताधीशाला भाला. इतिहासात स्पार्टाकस हरला. इथे मालक पडला. त्यांनी हा शेवट बदलला याचा मला मनापासून आनंद आहे. शेवटचा सूर तुटला तेव्हा तो वर मोकळ्या आकाशात गेला आणि निम्मं स्टेडियम आधीच किंचाळत होतं. २००९ मध्ये अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या छताखालच्या स्टेडियममध्ये गेली. तिथे आवाज घुमतो, भरून राहतो, त्याचीही मजा आहे. पण तसा वर निघून जात नाही.

निकालाच्या वेळी अंतिम फेरीतली बाराही पथकं मैदानावर उभी केली. खालून वर एकेक क्रमांक. दुसरा क्रमांक जाहीर झाला: ९८.१००, ब्लू डेव्हिल्स. पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. फँटमचे गुण ९८.१२५. फरक ०.०२५ चा. प्रामाणिकपणे सांगतो, ब्लू डेव्हिल्सचं पाऊल न्‌ पाऊल कदाचित जास्त सफाईचं होतं, आणि निकाल उलटा लागला असता तरी माझं हे उत्तर बदललं नसतं. पण त्या रात्री मी पुण्यातलं आमचं पथक जिंकल्यासारखा नाचलो हेही खरं.

खूप उशिरा तो मुलगा बाहेर आला. उंच, खांद्यावर वाद्याच्या वजनाने पडलेला लाल वळ, चेहरा उन्हाने रापलेला. हातमोजे काढले तर मनगटापासून पुढे हात पांढरेफटक, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. आईच्या गळ्यात पडून तो पुष्कळ वेळ रडला. जिंकल्याचं रडणं नव्हतं ते. मला ते बघताना एकदम आमच्या पथकातले पन्नाशीतले काका आठवले, दरवर्षी झांज घेऊन लक्ष्मी रोडला उभे राहणारे. आमच्याकडे गुडघे चालतात तोवर कुणी थांबवत नाही. या पोराचं तसं नव्हतं. त्या गणवेशात तो परत कधीच वाजवणार नव्हता, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी काय बोलणार. हात पुढे केला. त्याने नाक पुसून हात मिळवला आणि विचारलं, ‘आईने सांगितलं, तू कॅनवर काहीतरी वाजवून दाखवलंस. परत दाखवशील?’ कॅन गाडीत होता, रिकामा. तो आणला, मी गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाजवला. दोन वेळा ऐकून तिसऱ्या वेळी त्याने खालचा ढोलाचा ठेका धरला, ट्यूबावाल्याच्या जाड पंज्यांनी, अगदी बरोबर. त्यांची बस हॉर्न देईपर्यंत आम्ही वाजवत होतो.